एका बटणाला एक शर्ट

६ फेब्रुवारी

माझी खारूबाई,

तुला पोटभर आशीर्वाद, आणि आधी खाली बस. बसलीस? मग ऐक. तुझी आज्जी टांकसाळ चालवायला लागली आहे.

हसू नकोस. गेले दोन महिने आपल्याकडे सुट्ट्या पैशांचा नुसता दुष्काळ आहे. नोटा आहेत, पण नाणं म्हणून दृष्टीस पडत नाही. बँकेत जावं तर खिडकीतला माणूस हात झटकतो, "आम्हालाच नाहीत, आज्जी." बेकरीवाली सुट्ट्यांच्या बदल्यात गोळ्या देते. सलूनवाला म्हणतो, पुढच्या वेळी एक दाढी फुकट, आणि पुढच्या वेळी साफ विसरतो. माझ्या इस्त्रीच्या दुकानात तर रोज तंटा. गिऱ्हाईक एक शर्ट घेऊन येतं आणि नोट पुढे करतं, तिच्यात तीन शर्ट होतील एवढी. बाकीचे कुठून देऊ? लिहून ठेवावं तर माझं अक्षर दुसऱ्या दिवशी मलाच लागत नाही.

मग एक दिवस बाकाखाली ती गोणी दिसली. शेजारच्या शिंप्याने दुकान बंद करताना मला दिली होती ना, कोटाच्या बटणांची? हिरवी, जाड, बोराएवढी. अशी आता कुठे मिळत नाहीत, कोट घालतंय कोण! शाळेतले मास्तर एक शर्ट घेऊन आले होते. त्यांच्या हातावर मी दोन बटणं ठेवली आणि म्हटलं, "हे तुमचे सुट्टे. एका बटणाला एक शर्ट. कधीही आणा, इस्त्री करून देईन." मास्तर चष्म्यातून बघत राहिले. म्हणाले, "बटण?" मी म्हटलं, "तुमची नोट तरी काय सोन्याची आहे? कागदच की."

घेऊन गेले. मग दुसऱ्याने घेतली, तिसऱ्याने घेतली. आणि आता खरी गंमत ऐक. परवा बेकरीवाली पाच शर्ट घेऊन आली आणि टेबलावर पाच बटणं ठेवली. अगं, तिला मी कधी एक बटण दिलेलं नाही! विचारलं, कुठून आणलीस? तर म्हणे, "मास्तरांकडे पावाला सुट्टे नव्हते, त्यांनी बटण दिलं. मग आणखी दोघांनी दिली. माझ्या नवऱ्याचे शर्ट तुमच्याकडेच येतात, मला काय, चालतं." खारू, माझी बटणं मला न विचारता गल्लीभर हिंडतायत! सलूनवाला घेतो, दूधवाला घेतो. (बेकरीवालीचा गुडघा पुन्हा धरलाय. तिला म्हटलं वजन उतरव, तर म्हणाली बेकरीत बसून? ते एक असो.)

तुझा मामा मात्र तोंड पाडून बसलाय. कचेरीतून आला की सुरू, "आई, हे बेकायदा आहे, तुला उचलून नेतील." मी म्हटलं, "नेऊ देत, तिथेही कपड्यांना इस्त्री लागतच असेल." तुला विचारते, कारण तू त्या संग्रहालयात दिवसभर जुनी नाणी पुसत बसतेस. पैसा म्हणजे काय ते तुझ्याइतकं आपल्या घरात कुणाला ठाऊक? सांग बघू, तुझी आज्जी हुशार की नाही?

तुझी,
आज्जी


१४ फेब्रुवारी

प्रिय आज्जी,

हुशार. तुझं पत्र मी आमच्या दालनात मोठ्याने वाचून दाखवलं. आमचे साहेब म्हणाले, आज्जींना एक बटण पाठवायला सांग, काचेच्या पेटीत ठेवू.

आणि तू विचारलंस म्हणून सांगते. लोकांना वाटतं आधी नाणी आली आणि मग उधारी. उलटं आहे. आमच्याकडे मातीच्या छोट्या पाट्या आहेत, नाण्यांच्या कितीतरी आधीच्या. त्यांच्यावर कोरलंय की अमक्याने तमक्याला इतकं धान्य द्यायचं आहे. म्हणजे कुणीतरी दिलेला शब्द, हातात धरता येईल असा. तुझं बटण तसंच आहे. बेकरीवाली बटण घेत नाही, तुझा शब्द घेते.

पण आज्जी, एक गोष्ट मनातून जात नाहीये. हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये एका भागात लोखंडाची नाणी चालायची. इतकी जड की बाजाराला जायचं म्हणजे पाठ मोडायची. म्हणून लोक ती पेढीवर ठेवत आणि चिठ्ठी घेत. चिठ्ठी आणा, नाणी न्या. पुढे लोक नुसत्या चिठ्ठ्यांनीच देणंघेणं करू लागले आणि नाणी पेढीत पडून राहिली. पेढीवाल्यांना वाटलं, मागायला तर कुणी येत नाही, मग चार चिठ्ठ्या जास्त लिहिल्या म्हणून काय बिघडलं? एक दिवस लोक मागायला आले. पेढ्यांकडे द्यायला नाणी नव्हती. शेवटी सरकारने तो धंदाच त्यांच्या हातून काढून घेतला.

तू बटण देतेस तेव्हा गिऱ्हाइकाकडून न केलेल्या इस्त्रीचे पैसे आधीच घेतलेले असतात. ते पैसे वेगळ्या डब्यात ठेवले आहेस ना? आणि किती बटणं बाहेर गेली, मोजलीस का?

तुझी,
खारू


२७ फेब्रुवारी

माझी खारूबाई,

तुझी ती चिनी गोष्ट बेकरीवालीला सांगितली. म्हणाली, लोखंडाची नाणी असती तर माझा गुडघा केव्हाच गेला असता.

डबाबिबा काय गं! पैसे आले, खर्च झाले. दुकान आहे, खजिना नव्हे. वाफेची नवी इस्त्री घेतली, काय सांगू तुला, फूऽऽ करून वाफ सोडते आणि चुण्या आपण होऊन पळतात. आणि मोजायचं कशाला? गोणीत अजून पुष्कळ आहेत, हात घातला की कोपरापर्यंत जातो.

आता मोठी बातमी. दुकानाचं छप्पर गळत होतं हे तुला माहीत आहे, घडी घातलेल्या शर्टांवर टपटप. रंगाऱ्याला बोलावलं. म्हटलं, छपराला डांबर लाव, भिंती रंगव, पण मी पैसे बटणांत देणार. त्याने डोकं खाजवलं. मग म्हणाला, "बटणांवर मला दूध मिळतं, पाव मिळतो, दाढी होते. द्या." खारू, मी गोणीत हात घातला, पिशवीभर बटणं काढली आणि छप्पर झालं! मग दाराला निळा रंगही देऊन घेतला, खिडकीच्या फुटक्या काचा बदलून घेतल्या. सगळं बटणांत. इतकी वर्षं मी एकेक शर्ट दाबत बसले, ही युक्ती आधी कशी सुचली नाही?

आणि तो मशीनवाला आठवतो ना, कोपऱ्यावर धुलाईची आणि इस्त्रीची यंत्रं घेऊन बसलाय तो? पूर्वी माझ्या दुकानावरून जाताना नाक मुरडायचा. मागे एकदा माझी जागा विकत मागायलाही आला होता. आता गूळ झालाय गूळ. त्याने पाटी लावली आहे, 'येथे बटण चालेल'. कुणाकडे जास्तीची असली तर नोटा देऊन विकतसुद्धा घेतो. मी विचारलं, "तुम्हाला हो कशाला माझी बटणं?" तर हात जोडून म्हणाला, "आज्जी, तुमच्यावर विश्वास आहे." बघ, नाक मुरडणारासुद्धा सरळ झाला. मामाला सांगितलं तर त्याने आणखी भात वाढून घेतला.

साहेबांसाठी बटण पाठवते आहे. त्यांना म्हणावं, शर्ट आणलात तर इस्त्री करून देईन.

तुझी,
आज्जी


५ मार्च

आज्जी,

हे वाचलंस की आधी गोणीचं तोंड बांध. आजपासून एकही बटण बाहेर जाता कामा नये.

मास्तरांना दोन बटणं दिलीस तेव्हा त्यांची नोट तुझ्या गल्ल्यात आली होती. रंगाऱ्याला पिशवीभर दिलीस तेव्हा गल्ल्यात काही आलं नाही. छप्पर आलं, खरं आहे, पण छपराने विजेचं बिल भरता येत नाही. ती सगळी बटणं एक ना एक दिवस शर्ट घेऊन तुझ्या टेबलाशी येणार आणि तू ते शर्ट फुकट दाबणार. गोणी कितीही खोल असो, आज्जी, पैसा गोणीत नाहीच. तू दिवसभरात जितके शर्ट करतेस तेवढाच तुझा पैसा.

आपण एखादी वस्तू कवडीमोल झाली म्हणतो. ती कवडी एके काळी खरा पैसा होती, माहीत आहे? कितीतरी देशांत बाजार तिच्यावर चालायचे. मग आफ्रिकेच्या किनाऱ्यावर परक्या व्यापाऱ्यांनी जहाजं भरभरून कवड्या आणून ओतल्या. ज्यांनी जन्मभर मडक्यांत कवड्या साठवल्या होत्या, त्यांच्याकडे नुसते शंखशिंपले उरले. मडकी भरलेलीच होती. पण त्यांत विकत घेण्याजोगं काही राहिलं नव्हतं.

आणि मशीनवाला. तो इस्त्री स्वतःच करतो ना? मग एका शर्टाची इस्त्री हक्काने मागता यावी म्हणून तो नोटा का मोजतोय? मला तुला घाबरवायचं नाही. पण ज्याला तुझी जागा हवी होती, तो तुझे शब्द विकत घेऊन साठवतो आहे. एका दिवशी सगळे घेऊन आला तर काय करशील?

लगेच उत्तर पाठव.

खारू


११ मार्च

खारू,

तुझं पत्र काल आलं. एक दिवस आधी यायला हवं होतं गं.

सोमवारी सलूनमध्ये कुणीतरी बोललं की आज्जी दुकान विकून लेकीकडे राहायला चालली आहे. कोण बोललं ते सलूनवाल्याला आठवत नाही, त्याला माणसांचे गाल तेवढे लक्षात राहतात. दुपारपर्यंत माझ्या दारात गर्दी. ज्याच्या त्याच्या मुठीत बटणं. शर्ट नव्हते त्यांनी पडदे आणले, चादरी आणल्या, एकाने तर छत्रीचं कापड आणलं. मी करत राहिले. एक कॉलर जळाली. माझ्या हातून, खारू! तो माणूस जळक्या डागावरून अंगठा फिरवत उभा राहिला.

मंगळवारी बेकरीवालीने पाटी लावली, 'बटण चालणार नाही'. मी समोरून गेले तर पाव मोजत मान फिरवली. तिने पाटी लावली म्हणून सलूनवाल्याने लावली, त्याने लावली म्हणून दूधवाल्याने. आणि मशीनवाला आपल्या दारात खुर्ची टाकून बसला. "घाबरू नका, मी घेतो," म्हणत अर्ध्या भावाने बटणं घेत सुटला. लोकांनी दिली. पळत जाऊन दिली.

काल संध्याकाळी तो माझ्याकडे आला. आवाज अगदी मऊ. म्हणाला, "आज्जी, सोमवारी हॉटेलातल्या वेटरांचे शर्ट घेऊन येतो. हातगाडीभर आहेत. बटणं आहेत माझ्याकडे. शनिवारच्या आत करून द्या. नाही जमलं तर चारचौघांत सांगा की बटणं बुडाली, आणि दुकानाची किल्ली मला द्या. बाकीच्यांची बटणं मी फेडीन. तुमचं नाव राहील."

हातगाडीभर शर्ट आठवड्यात माझ्याच्याने होणार नाहीत, हे त्याला ठाऊक आहे.

मामा म्हणतो शटर पाड, 'बटणं रद्द' अशी पाटी लाव आणि तुझ्या आईकडे जाऊन राहा. बटणाला कायदा नाही, कुणी काही करू शकणार नाही म्हणतो. तसं केलं तर जागा राहील. पण मग ज्या रंगाऱ्याने छपरावर चढून डांबर लावलं त्याच्या पिशवीत काय उरलं? त्या तुझ्या मडक्यातल्या शिंपल्यांसारखंच ना? आणि मी पुन्हा या गल्लीतून कुठल्या तोंडाने चालू?

सोमवारच्या आत काहीतरी सांग.

आज्जी


१४ मार्च

प्रिय आज्जी,

हे पत्र सोमवारच्या आत पोचेलसं वाटत नाही, म्हणून आत्ताच पोस्टात जाऊन तार केली. 'शटर पाडू नकोस. लोकांना खरं सांग.' तारेत शब्दाला पैसे पडतात, तेवढंच परवडलं. राहिलेलं इथे.

मामाचा सल्ला सोपा आहे, पण शटर खाली आलं की त्याच क्षणी प्रत्येक बटण मेलं. लोकांना आज तुझ्याकडे काय आहे हे माहीत नाही, म्हणून ते वाईटात वाईट धरून चालले आहेत. पाव शतकाच्या ओळखी एका दुपारी अशाच तुटतात.

एका मोठ्या बँकेची गोष्ट सांगतात. अडीचशेहून जास्त वर्षं झाली. बँक बुडणार अशी आवई उठली, लोकांची रांग लागली. बँकेने दार बंद केलं नाही. उलट सगळ्यांत लहान नाणी बाहेर काढली आणि सावकाश, एकेक मोजत पैसे द्यायला लागली. तेवढ्या वेळात गावातले व्यापारी जमले आणि त्यांनी जाहीर केलं की आम्ही या बँकेच्या नोटा घेऊ. लोक घरी गेले. तिजोरीत पैसा वाढला नव्हता, आज्जी. एकमेकांनी घ्यायचं ठरवलं, एवढंच झालं.

तुझ्याकडे हळू जायला जागा आहे. तू पैसे देऊ केलेच नाहीस, इस्त्री देऊ केलीस. ती कर. सगळ्यांना दिसेल अशी कर.

तुला हुशार म्हणाले तेव्हाच मी नीट बजावायला हवं होतं. मला सुट्टी मिळत नाहीये, नाहीतर रांगेत सगळ्यांत पुढे उभी राहिले असते. सोमवारी दिवसभर माझं लक्ष तिकडेच असेल.

तुझी,
खारू


२२ मार्च

माझी खारूबाई,

तुझं पत्र मंगळवारी आलं, सगळं होऊन गेल्यावर. तार मात्र शनिवारीच आली. पोस्टमनने दारातच वाचून दाखवली आणि विचारलं, "आज्जी, काय खरं सांगायचंय?" मी म्हटलं, "तुझ्यापासूनच सुरू करते. तुझ्याकडे किती बटणं आहेत रे?"

त्या संध्याकाळी मामाला गोणीपाशी बसवला. उरलेली मोजली, आणि भरलेल्या गोणीत किती मावतात त्याचा अंदाज घेऊन त्याने आकडा काढला. बाहेर दोन हजारांच्या आसपास. माझ्या हातून दिवसाला साठ शर्ट होतात. आकडा ऐकून मी पाणी प्याले. रविवारी दारोदार फिरले. मामाही बरोबर आला, तोंड वाकडं करून, पण आला. प्रत्येक दारात मी तेच सांगितलं. दोन हजार बाहेर आहेत. छप्पर आणि रंग बटणांवर करून घेतला, त्याचे पैसे माझ्याकडे कधी आलेच नव्हते. नवं बटण एकही देणार नाही. रोज तीस शर्ट बटणांचे करीन आणि तीस पैशांचे, नाहीतर वीज कशाने भरू? सव्वादोन महिन्यांत सगळं फिटेल. मी कुठेही जात नाहीये.

कुणी आत बोलावलं, कुणी दार फटीएवढं उघडलं. एक बाई म्हणाली, "माझी मी अर्ध्याने देऊन बसले, आता काय सांगायला आलात?" आणि तोंडावर दार आपटलं. बरोबरच होतं तिचं. बेकरीवालीने सगळं ऐकून घेतलं. पण पाटी काही काढली नाही.

सोमवारी शटर वर केलं, टेबल ओढत अगदी दाराशी आणलं, म्हणजे रस्त्यावरून दिसावं. रांग होतीच. मामाने कचेरीत रजा टाकली होती आणि साहेबासारखा ओरडत होता, "एकेक या, एकेक. काका, तुम्ही मागे होतात, मी बघितलंय."

मग हातगाडी आली. पांढऱ्या शर्टांचा डोंगर. पुढे मशीनवाला, मागे त्याची बायको, कडेवर मूल घ्यावं तशी बटणांची थैली घेऊन. तो रांग बाजूला सारून टेबलाशी आला. "आज्जी, बोलल्याप्रमाणे."

"या की. रांगेत उभे राहा."

"रांगेत? माझी हजार बटणं आहेत!"

"हजार असोत नाहीतर एक. एका बटणाला एक शर्ट, नंबराने. तुमच्यापुढे बाकीच्यांचे आहेत, तुमचा शेवटचा शर्ट मे महिन्यात मिळेल."

"मे?" तो किंचाळलाच. "हॉटेलला शर्ट शनिवारी हवेत!"

"मग तुमच्या यंत्रावर करा हो. शनिवार मी कुणाला कबूल केला होता?"

दोघंतिघं हसले. तो लाल झाला. लोकांकडे वळला आणि थैलीतली मूठभर बटणं उंच धरली. "ऐकलंत? बाई स्वतःच्या तोंडाने सांगते आहे, हिच्याकडे द्यायला काही नाही. ही बटणं कचरा आहेत, कचरा!"

खारू, सगळे त्या मुठीकडे बघत होते. त्या वेळी एकाने जरी पाठ फिरवली असती ना, तर मागोमाग सगळे फिरले असते, आणि दुपारी किल्ली त्याच्या हातात गेली असती. माझ्या हातात काही उरलंच नव्हतं. मी मान वर केली नाही. कॉलर उलटी केली, दाबली. मग बाही घेतली.

तेवढ्यात रंगारी बोलला. शिडी खांद्यावर, कामावर निघाला होता. "कचरा आहे ना? मग मला द्या."

"काय?"

"मला विका. तुम्ही अर्ध्याने घेतलीत, मी पाऊण भाव देतो."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"माझ्याकडे हिची पिशवीभर आधीच आहेत. आज्जी बुडाली की मी बुडालो, मग आणखी थोडी घेतली म्हणून काय? आणि काल ती माझ्या दारात येऊन सांगून गेली, बाहेर किती आहेत ते. तुम्ही तुमच्या धंद्याचं सांगता का कुणाला?"

"पाऊणच्या वर मी देते!" मागून आवाज आला. "मला पन्नास हवीत." बेकरीवाली, कोपरापर्यंत पीठ. "बटणं बंद केल्यापासून सुट्ट्यांवाचून गिऱ्हाइकं परत जातायत. निम्मा पाव उरतो माझा." म्हणजे माझ्या प्रेमाने नव्हे, पावाच्या काळजीने आली. चालेल मला. मग सलूनवाला, मग मास्तर, मग माझ्या तोंडावर दार आपटणारी ती बाईसुद्धा. लिलावच की गं! मामा रांग सोडून तोंड उघडं टाकून बघत राहिला. भाव चढत चढत पुऱ्या शर्टाला जाऊन टेकला.

"विकायची नाहीत," मशीनवाला म्हणाला.

पण त्याची बायको! त्यांच्या गल्ल्यावर तीच बसते. तिने त्याची बाही ओढली. "अहो, दुप्पट होतायत."

"तुला कळत नाही."

"मला नाही कळत? मग शुक्रवारी यंत्रांचा हप्ता तुमचं कळणं भरणार आहे का? मे महिन्यात वेटरांचे शर्ट घेऊन काय हॉटेलवाल्याला लोणचं घालायला सांगू?"

तो एकदा माझ्याकडे बघे, एकदा लोकांच्या हातातल्या नोटांकडे. मग थैली बायकोकडे सोडून दिली. तिने माझ्याच पायरीवर बसून सगळी विकली, दोनदा मोजून. जाताना तो मला म्हणाला, "आज्जी, फायदा माझाच झाला." मी म्हटलं, "झालाच की."

हातगाडी वळली तेव्हा मी इस्त्री बाजूला ठेवली. मामाने खुर्ची सरकवली. म्हणाला, "आई, पण बटणं तर तेवढीच बाहेर आहेत. फरक काय पडला?" कचेरीत एवढी वर्षं काय करतो कोण जाणे. मी म्हटलं, "अरे, एका हातात होती ती पन्नास हातांत गेली. तो एका दिवशी सगळी आणणार होता. हे लोक एकेक आणतील, आणि मधल्या वेळात त्यांवर पाव घेतील, दाढी करतील." बेकरीवालीने त्याच दुपारी पाटी काढली. माझ्याकडे बघितलं, हसली नाही. हसेल.

आता रोज तीस शर्ट फुकटचे दाबते आहे. संध्याकाळी खांदा भरून येतो. पण एक डबा आणलाय, तू पैशांसाठी म्हणाली होतीस तसा. आलेली बटणं त्यात जातात, गोणी मामाने कुलपात ठेवली आहे आणि किल्ली मलाही देत नाही. रंगारी काल म्हणाला, पुढच्या वेळी दार हिरवं करू. म्हटलं, आधी हे निळं फिटू दे.

आणि तुझ्यामुळे एक खूळ मात्र डोक्यात शिरलंय. परवा एक नवा माणूस शर्ट घेऊन आला. त्याने नोट ठेवली. मी उचलली आणि बघत बसले. जन्मभर हातांतून गेल्या, कधी अशी बघितलीच नव्हती. तो म्हणाला, "आज्जी, खोटी नाहीये हो." मी म्हटलं, "खोटी नाही रे बाबा. मी बघते आहे, हिच्या बदल्यात इस्त्री कोण करणार आहे." तो जरा मागेच सरकला.

तू तिथे शिकल्यासवरलेल्या माणसांत असतेस. कुणाला तरी विचार. फार नको, एवढंच सांगायला सांग: नोटा बाहेर किती आहेत, आणि दिवसाला किती होतात.

तुझी,
आज्जी